मनीचे ऑपरेशन, आणि गोट्याचेही

वाचकाचे पत्र : आमच्या घरी सात महिन्यांची मनी आणि तिच्याच वेतातला तिचा भाऊ गोट्या अशी दोन मांजरे आहेत. दोघेही घराबाहेर जात नाहीत. गेल्या महिन्यात मनी पहिल्यांदा माजावर आली. रात्र रात्र ओरडली, आठवड्याने आपोआप शांत झाली, आणि आता पुन्हा जमिनीवर लोळू लागली आहे. डॉक्टर दोघांचेही ऑपरेशन करा म्हणतात. माझ्या यजमानांचे म्हणणे असे, की मनीचे करायचे तर करा, बोक्याला कशाला त्रास द्यायचा. सासूबाई म्हणतात, मुक्या जिवाला एकदा तरी आई होऊ द्या, एक वेत झाले की मग काय ते करा. शेजारच्या ताईंनी माज थांबवायच्या गोळ्या सुचवल्या आहेत. मला स्वतःला भुलेची फार भीती वाटते, आणि त्याहून जास्त टोचते ते हे, की तिला न विचारता आपण तिच्याकडून काहीतरी कायमचे काढून घेतो आहोत. काय करावे?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना सर्वांत आधी मनात आले ते हे, की या क्षणी मनी आणि गोट्या कुठे आहेत? एकाच खोलीत असतील, तर पुढचे उत्तर नंतर वाचा आणि आधी त्या दोघांच्या मध्ये एक बंद दार येऊ द्या. बहीण-भाऊ हे नाते मांजरांच्या लेखी नसते, सात महिन्यांचा बोका वयात आलेला असू शकतो, आणि मांजरांचे मिलन इतक्या थोड्या वेळात उरकते की तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत ते होऊनही गेलेले असते. गेल्या महिन्यातल्या त्या आठवड्यात दोघे वेगवेगळे होते का, याबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही. नसतील, तर ती गोष्ट न संकोचता डॉक्टरांना सांगा. खरा माज पुन्हा सुरू झाला असेल तर ती त्या वेळी गाभण राहिली नसण्याचीच शक्यता अधिक आहे, पण हा निष्कर्ष आपण घरी बसून काढू नये. मांजरीचा गर्भकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा असतो, पहिले तीन आठवडे बाहेरून काहीच ओळखू येत नाही, आणि त्यानंतर सोनोग्राफीत कळते. गाभण मांजरीचीही शस्त्रक्रिया करता येते, परंतु तो निर्णय मनाला फार जड जातो, आणि तुमच्यासारख्या हळव्या व्यक्तीवर ती वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. 'नसबंदी' या आपल्या रुळलेल्या शब्दाने येथे थोडा घोटाळा केला आहे. माणसांमध्ये नसबंदी म्हणजे नळी बांधणे किंवा कापणे. तिच्यामुळे मूल होत नाही, पण शरीरातली संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, पूर्वीसारखीच काम करत राहतात. मांजरांमध्ये जे केले जाते ते वेगळे आहे. मांजरीचे दोन्ही बीजांडकोश आणि बहुतेक वेळा त्यांच्यासोबत गर्भाशयही काढतात, तर बोक्याचे दोन्ही वृषण काढतात. नुसती नळी बांधली तर पिल्ले होणार नाहीत, परंतु मनी माजावर येतच राहील, ओरडतच राहील, आणि गोट्या दारे ओरबाडतच राहील. म्हणून 'निर्बीजीकरण' हा शब्द, कानाला कोरडा लागला तरी, अधिक खरा आहे. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण तुमच्या मनातली टोचणी खोटी नाही. आपण एका निरोगी प्राण्याचे निरोगी अवयव त्याला न विचारता काढतो, हे सत्य आहे, आणि ते गोडगोड शब्दांनी झाकून कोणी तुम्हाला धीर देऊ लागले तर तो धीर टिकणार नाही.

पण त्याच्या शेजारी दुसरे एक सत्य ठेवून पाहा. मनीला न विचारता तुम्ही एक निर्णय आधीच घेतलेला आहे, आणि तो म्हणजे तिला घरात ठेवण्याचा. तो चांगलाच निर्णय आहे. परंतु त्यामुळे तिच्या शरीरात उठणाऱ्या हाकेला उत्तर मिळण्याची वाट बंद झाली, हाक मात्र चालूच राहिली. मांजरीच्या शरीराची घडण अशी आहे, की तिचे बीज सहसा ठरलेल्या दिवशी आपोआप सुटत नाही. मिलन झाले तरच मेंदूकडून संप्रेरकाचा इशारा येतो आणि मग बीज सुटते. मिलन झाले नाही, तर माज साधारण आठवडाभर चढलेला राहतो, ओसरतो, आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा सुरू होतो. दिवस मोठा होत जाण्याशी या चक्राचा संबंध आहे, पण ज्या घरात रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात तेथे शरीराला दिवस मोठाच वाटत राहतो, आणि ऋतूचे हे बंधनही सैल होते.

हे चक्र जवळून पाहिले की त्याला 'निसर्गाचा आनंद' म्हणण्याचे धाडस होत नाही. माझ्या पहिल्या मांजरीचा माज मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. ती पुढचे दोन्ही पाय कोपरापर्यंत जमिनीला टेकवायची, मागचा भाग वर उचलायची, शेपूट एका बाजूला वळवायची आणि मागच्या पायांनी जागच्या जागी पावले टाकत राहायची, जणू कुठेतरी चालली आहे आणि पोहोचतच नाही. ताटलीतले खाणे तसेच राहायचे. पाठीवरून हात फिरवला की क्षणभर शांत व्हायची आणि हात काढला की पुन्हा तोच घशातून येणारा, लांबत जाणारा आवाज. चौथ्या रात्री तिचा आवाज बसला होता, तरी ती तोंड उघडत होती. पिल्लांची ओढ मला त्यात दिसली नाही. मला दिसले ते एक शरीर, ज्याला स्वतःलाच थांबता येत नव्हते.

सासूबाईंच्या म्हणण्यामागे माया आहे, म्हणून त्याला उडवून न लावता नीट उत्तर द्यायला हवे. एकदा व्याल्याने मांजरीची प्रकृती सुधारते किंवा स्वभाव शांत होतो, हा समज फार जुना आहे, पण त्याला आधार मिळालेला नाही. मांजरीच्या स्तनांत होणाऱ्या गाठी बहुतांशी, म्हणजे दहापैकी आठ-नऊ वेळा, कर्करोगाच्या निघतात. त्यांच्याविषयी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या मांजरींमध्ये हा धोका ९१ टक्क्यांनी आणि वर्षाच्या आत झालेल्यांमध्ये ८६ टक्क्यांनी कमी होता. दुसऱ्या वर्षात केलेल्या शस्त्रक्रियेचा फायदा अगदी थोडा होता आणि दोन वर्षांनंतर तो उरलाच नाही. त्याच अभ्यासात हेही पाहिले होते, की मांजर व्यालेली असण्याने किंवा नसण्याने या धोक्यात काही फरक पडतो का, आणि तसा फरक आढळला नाही. म्हणजे एका वेतासाठी थांबल्याने हाती काही लागत नाही. उलट मनीच्या हाताशी आज असलेले मोलाचे महिने त्या वाट पाहण्यात निघून जातात.

राहिला आईपणाचा प्रश्न. त्यासाठी त्या एका वेताचे पुढे काय होते, ते सासूबाईंशी बसून बोला. एका वेळी साधारण चार पिल्ले होतात, कधी कमी, कधी जास्त. पिल्लांनी निदान आठ आठवडे, आणि खरे तर बारा आठवडे, आईजवळ राहायला हवे. पिल्ले डोळेही न उघडलेली असताना "आम्हाला एक द्या हं" म्हणणारी माणसे पुष्कळ असतात, पण तीच पिल्ले पडदे चढू लागतात तेव्हा त्यांतली किती उरतात, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनाच ठाऊक. आणि पिल्ले दूध पीत असतानाच आई पुन्हा माजावर येऊ शकते व पुन्हा गाभण राहू शकते, त्यामुळे 'एक वेत' हे एकवरच थांबेल याची शाश्वती नसते. मनीच्या बाबतीत घरातला एकमेव बोका तिचा सख्खा भाऊ आहे, हेही विसरून चालणार नाही. शेवटी पिल्ले एकेक करून दिली जातात तेव्हा काही मांजरी दोन-तीन दिवस घरभर फिरून, कपाटाच्या मागे, पलंगाखाली डोकावत, पिल्लांना बोलवायच्या खास आवाजात हाका मारतात. मी तो आवाज एका नातलगांच्या घरी ऐकला आहे. आईपण देण्याच्या मायेपोटी आपण तिला हेही देणार असतो. सासूबाईंना हे तुम्ही शांतपणे सांगितले, तर मला वाटते त्या ऐकतील, कारण त्यांची तळमळ मनीसाठीच आहे.

यजमानांच्या मुद्द्यामागे एक न बोललेली गोष्ट असावी असा माझा अंदाज आहे, आणि तो चुकीचा असेल तर त्यांनी मला माफ करावे. आपल्या भाषेत 'खच्ची करणे' हा शब्दच अपमानाचा झाला आहे, माणसाच्या हिमतीविषयी बोलतानाही आपण तो वापरतो, आणि म्हणून बोक्याच्या बाबतीत पुरुषमाणसांचे मन अनेकदा मागे घेते. पण गोट्याला त्या शब्दाची लाज नाही. वृषण काढल्यामुळे आपण कोणी कमी झालो, असे बोक्याला वाटत नाही. त्याची ऐट, खेळ, उडी मारून माशी पकडणे, तुमच्या मांडीवर हक्काने येऊन बसणे, यांतले काहीही त्या अवयवांवर अवलंबून नसते. अवलंबून असते ते वेगळेच. भिंतीला, सोफ्याला, दाराच्या चौकटीला उभ्याने मुताची पिचकारी मारणे, माजावर आलेल्या मांजरीचा वास आला की दार उघडताच पळ काढणे, आणि बाहेर दुसऱ्या बोक्यांशी रक्त निघेपर्यंत भांडणे. या भांडणांतल्या चाव्यांतूनच मांजरांमधला एफआयव्ही हा प्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणू प्रामुख्याने पसरतो. शस्त्रक्रियेनंतर या तिन्ही गोष्टी बहुतेक बोक्यांमध्ये थांबतात किंवा खूप कमी होतात. सगळ्यांमध्ये नाही, दहातला एखादा बोका पुढेही पिचकारी मारतो, आणि सवय पक्की होण्याआधी शस्त्रक्रिया झालेली बरी ती याचसाठी.

शिवाय दोघांतली सोपी शस्त्रक्रिया गोट्याचीच आहे. मनीचे पोट उघडावे लागते. गोट्याला वृषणाच्या पिशवीवर एक-दोन लहान छेद पुरतात, अनेकदा टाकेही घालावे लागत नाहीत. यजमानांना त्रासाची काळजी असेल, तर कमी त्रास ज्याला होणार आहे त्यालाच ते वगळत आहेत, हे त्यांच्या लक्षात आणून द्या. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. शस्त्रक्रिया झाली म्हणजे गोट्या त्याच दिवसापासून निर्बीज झाला असे होत नाही. आधीच तयार झालेले शुक्राणू काही आठवडे उरतात, म्हणून मनीची शस्त्रक्रिया मागाहून होणार असेल तर निदान महिनाभर, आणि शक्यतो तिची होईपर्यंत, दोघांना वेगळेच ठेवा. लहान वयात शस्त्रक्रिया केली तर बोक्याची मूत्रनलिका अरुंद राहते आणि लघवी अडते, असेही तुमच्या कानांवर येईल. मूत्रनलिकेची प्रत्यक्ष मोजमापे घेऊन केलेल्या अभ्यासांत तसा फरक आढळलेला नाही. बोक्यांची लघवी अडण्याचे दुखणे खरे आहे व गंभीर आहे, पण त्याचा संबंध वाढलेल्या वजनाशी, कमी पाणी पिण्याशी आणि ताणाशी अधिक आहे. वजनाबद्दल पुढे लिहिते.

शेजारच्या ताईंनी सुचवलेल्या गोळ्यांबद्दल मला जरा कळकळीने बोलू द्या. माझ्या त्या पहिल्या मांजरीला मी अशाच गोळ्या दिल्या होत्या. भुलेची भीती मलाही होती, गोळ्यांनी ओरडणे थांबायचे, आणि दर वेळी "या वर्षी नको, पुढच्या वर्षी करू" असे मी स्वतःला समजावत राहिले. या गोळ्यांमध्ये प्रोजेस्टेरॉनसारखे संप्रेरक असते. त्याने माज दबतो, पण गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि तेथे पू होण्याचा धोका वाढतो, स्तनांत गाठी येऊ शकतात, मधुमेहही जडू शकतो. पाचव्या वर्षी एके दिवशी ती पाण्याच्या वाडग्यापाशीच बसून राहिली. पाणी प्यायची, थांबायची, पुन्हा प्यायची. खाणे बंद, पोट फुगलेले, आणि सारखी शेपटीखाली चाटत होती. त्या रात्री तिची जी शस्त्रक्रिया झाली ती निरोगी, तरण्या मांजरीची साधी शस्त्रक्रिया नव्हती, तापलेल्या, विषबाधेने निपचित पडलेल्या शरीराची होती. डॉक्टरांनी नंतर मला स्टीलच्या ट्रेमध्ये तिचे गर्भाशय दाखवले. निरोगी तरुण मांजरीत ज्याच्या शाखा बॉलपेनच्या रिफिलइतक्या बारीक असतात, ते पुवाने भरून माझ्या अंगठ्यापेक्षा जाड झाले होते. ती वाचली. पण ज्या भुलेला घाबरून मी पाच वर्षे थांबले, तीच भूल मी तिला तिच्या सर्वांत वाईट अवस्थेत द्यायला लावली. काही दिवसांसाठी माज दाबणे खरोखर आवश्यक असेल तर तो निर्णय तपासणीनंतर डॉक्टरांनी घ्यावा. त्वचेखाली बसवायचे, काही महिने परिणाम टिकणारे औषधही असते, पण तेही तात्पुरतेच. शेजारून आलेली गोळी मनीच्या तोंडात जाऊ देऊ नका.

भुलेत धोका असतो. ब्रिटनमध्ये हजारो मांजरांच्या नोंदी ठेवून केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी मांजरांमध्ये भुलेशी संबंधित मृत्यूचे प्रमाण ०.११ टक्के, म्हणजे हजारात साधारण एक, आणि आजारी मांजरांमध्ये १.४ टक्के आढळले होते. हजारातले ते एक मांजर कोणाच्या तरी घरचे असते, त्यामुळे हा आकडा दाखवून तुमची भीती खोटी ठरवण्याचा माझा विचार नाही. पण निरोगी आणि आजारी यांच्यातला बारापटीचा फरक पाहा. आज सात महिन्यांची, धडधाकट असलेली मनी जितकी सुरक्षित आहे तितकी ती पुढे कधी असेल हे सांगता येत नाही. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार उपयोगाची वाटते. मांजरांचे निम्म्याहून अधिक मृत्यू शस्त्रक्रिया चालू असताना झालेले नव्हते, ते ती संपल्यानंतर, आणि त्यांतले बरेचसे पहिल्या तीन तासांत झाले होते. म्हणून डॉक्टरांना केवळ "भूल सुरक्षित आहे ना?" असे विचारू नका, त्याचे उत्तर "हो" असेच येणार. आधी हृदय-फुप्फुसे तपासणार का आणि रक्ततपासणी करणार का, शिरेत सुई लावून ठेवणार का, नळी घालून श्वासमार्ग मोकळा ठेवणार का, वेदनाशामक कोणते व किती दिवस, शुद्धीवर येईपर्यंत तिच्याजवळ बसून कोण राहणार, आणि तिला ऊब कशी देणार, हे विचारा. लहान शरीर भुलेत फार लवकर गार पडते. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. ज्या दवाखान्यात हे विचारल्यावर कपाळाला आठ्या पडतात, तेथून मी तरी माझे मांजर उचलून दुसरीकडे नेईन.

थांबावे अशीही काही कारणे असतात. ताप, सर्दी, जुलाब, फारच कमी वजन, नुकतेच आणलेले व अजून बुजलेले मांजर, अपुरे लसीकरण, किंवा तपासणीत हृदयाचा संशय यांपैकी काही असेल तर आधी ते मार्गी लावावे. चपट्या तोंडाच्या जातींत श्वासमार्ग मुळातच अरुंद असतो, तेव्हा भुलेची तयारी अधिक काळजीने करावी लागते. मनीच्या बाबतीत तुमच्यासमोर अडचण आहे ती फक्त माजाची. माजात रक्तवाहिन्या भरलेल्या असतात, म्हणून बरेच डॉक्टर तो ओसरेपर्यंत थांबणे पसंत करतात, काही जण अनुभवाच्या जोरावर त्या दिवसांतही करतात. ओसरल्यावर पुढचा माज यायला थोडेच दिवस मिळतात, तेव्हा आजच फोन करून त्या मधल्या दिवसांतली तारीख धरून ठेवा. वय लहान आहे म्हणून कचरू नका. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१७ साली ज्या शिफारशींना पाठिंबा दिला, त्यांत घरच्या मांजरांची शस्त्रक्रिया पाच महिन्यांची होईपर्यंत करावी असे म्हटले आहे. म्हणजे मनी त्या वयाच्या पुढेच गेली आहे.

शस्त्रक्रियेनंतर जे खरोखर बदलते ते वजन, आणि त्याबद्दल दवाखान्यात फारसे कोणी बोलत नाही. बीजांडकोश किंवा वृषण गेल्यानंतर शरीराची ऊर्जेची गरज साधारण पाव हिश्शाने कमी होते आणि भूक मात्र थोड्याच दिवसांत वाढते. मांजर ताटलीपाशी येऊन तुमच्याकडे पाहते आणि आपल्याला अपराधी वाटत असते, म्हणून आपण अजून थोडे वाढतो. पुढे मधुमेह, सांधेदुखी, आणि बोक्यांमध्ये ते लघवीचे दुखणे, यांची सुरुवात अशा प्रेमातूनच होते. कोरडे खाणे दिवसभर भरलेले ठेवू नका, मोजून द्या, आणि महिन्यातून एकदा तिला उचलून घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग स्वतःचे वजन त्यातून वजा करा. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरवला की बोटांना सहज लागाव्यात. मनी आळशी होईल ही भीती मनात ठेवू नका. ती आळशी झालीच तर जास्त खाण्याने आणि न खेळण्याने होईल.

आता प्रत्यक्ष दिवसांविषयी. न्यायची पेटी चार-पाच दिवस आधीपासून घरात उघडी ठेवा, तिच्यात मनीच्या अंथरुणातले एखादे फडके घाला. खाणे किती तास आधी बंद करायचे ते डॉक्टरांकडूनच नीट विचारून घ्या. लहान मांजराला फार वेळ उपाशी ठेवले तर रक्तातली साखर उतरते, म्हणून 'रात्रीपासून काहीच नको' असे स्वतःच्या मनाने ठरवू नका. घरी आल्यावर ती डगमगत चालेल, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसतील, पोटावरचा भादरलेला गुलाबी चौकोन पाहून तुम्हाला भरून येईल. तिला उंच जागी चढता येणार नाही अशा छोट्या, उबदार, मंद उजेडाच्या खोलीत ठेवा. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यातली कॉलर किंवा अंगात घालायचा कापडी झबला दहा ते चौदा दिवस काढू नका, कितीही केविलवाणे तोंड केले तरी. एका रात्रीत मांजर टाके उसवू शकते. दिवसातून दोनदा जखम पाहा. किंचित सूज असतेच, पण जखम उघडणे, रक्त किंवा पू येणे, हिरड्या पांढुरक्या पडणे, धाप लागणे, दुसऱ्या दिवशीही खायला तोंड न लावणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. आणि एक अतिशय महत्त्वाचे : तिला दुखत असेल असे वाटून घरातली माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलचे विघटन मांजराच्या यकृताला करता येत नाही, आणि एका गोळीनेही मांजर दगावू शकते. पुढे काही महिन्यांनी मनीत पुन्हा माजाची लक्षणे दिसली, तर आत बीजांडकोशाचा अंश राहिला असण्याची शक्यता असते, तेव्हा ते भास म्हणून सोडून न देता दाखवून घ्या.

दोघांची शस्त्रक्रिया एकाच दिवशी करता आली तर उत्तम. त्याचे एक कारण असे आहे, जे मी अनुभवातून शिकले. एकटे मांजर दवाखान्यातून परतते तेव्हा त्याच्या अंगाला औषधांचा परका वास येतो, आणि घरी राहिलेले भावंड त्याला न ओळखता फिसकारते, कधी पंजाही मारते. मनीची तारीख वेगळी आलीच, तर पहिल्या रात्री गोट्याला तिच्या खोलीत सोडू नका. त्याच्या अंगावरून फिरवलेले फडके तिच्याजवळ ठेवा, तिचे त्याच्याजवळ, आणि दाराच्या फटीतून दोघांचे नाकाला नाक लागून फिसकारणे थांबले की मग दार उघडा.